न लवलेली पापणी

पडद्यावर सुरा उगारलेला माणूस आला तेव्हा शिवांजलीने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट सैल होतं. याला वार नीट बसवता येणार नाही, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात कानात धाडकन आवाज झाला आणि चित्र गेलं. मग जळती बस आली, दगड घेतलेला जमाव आला, कुणाच्या तरी गळ्याला टेकलेली तलवार आली. प्रत्येक चित्राबरोबर तो आवाज होता. तिच्या डोळ्यांखाली दोन चकत्या चिकटवल्या होत्या आणि हाताला पट्टा बांधला होता. ती खुर्चीत ताठ बसून सगळं बघत राहिली.

बाहेर येऊन ती आईला म्हणाली, "सोपं होतं. नुसतं बघायचं होतं."

संध्याकाळी मोबाइलवर निकाल आला. तांबडा.

शिवांजली एकोणीस वर्षांची होती. कोल्हापूरच्या पाणंद गल्लीत वाढलेली, वडील लहानपणीच गेलेले. जर्मनीतल्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला तिची निवड झाली होती. भाषेची परीक्षा ती पास झाली होती. आता उरला होता तो कलमापकाचा, म्हणजे हिंसेकडे असलेला मनाचा कल मोजणाऱ्या यंत्राचा, हिरवा दाखला. सोळा ते सव्वीस वयाच्या मुलांना तो परदेशी जायला लागायचाच, आणि अलीकडे वसतिगृहाला, सरकारी भरतीला, गाडी चालवायच्या परवान्यालाही लागायला लागला होता. लोक त्याला लशीच्या दाखल्यासारखंच धरत. जायचं, घ्यायचा, यायचं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी चाचणी केंद्रावर गेल्या. तिथल्या समुपदेशक नीरजा कामत यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम, माझ्या पोरीनं कधी मुंगी मारली नाही," आई म्हणाली.

"मारते की. साखरेच्या डब्यात आल्यावर."

"तू गप्प बस गं."

कामत मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. त्या बाई वाईट नव्हत्या. रोज असे दहा पालक त्यांच्यासमोर बसत, तरी त्या समजावून सांगत.

गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी अठरा देशांतल्या तरुण मुलांची एक मोठी पाहणी झाली. टोकाच्या विचारांबद्दल, विचारासाठी माणूस मारण्याबद्दल या मुलांना काय वाटतं, ते शोधायचं होतं. तोंडी प्रश्न विचारले तर उत्तरांचा मेळ लागेना. एका देशातली मुलं मनात असेल ते फाडकन बोलत, दुसऱ्या देशातली मोठ्यांना आवडेल तेच सांगत, तिसऱ्या देशातली नुसती हसत. म्हणून संशोधकांनी शब्द बाजूला ठेवले आणि शरीराला विचारलं. अचानक मोठा आवाज झाला की माणसाची पापणी लवते. मनाला कळायच्या आधी लवते. समोर भीतीचं किंवा किळसवाणं दृश्य असेल तर जास्त लवते, आणि आवडीचं दृश्य असेल तर कमी. पुढे जी मुलं हत्यारबंद टोळ्यांत सापडली, त्यांची पापणी मारहाणीच्या चित्रांपुढे फारच कमी लवायची, असं त्या पाहणीत दिसलं. त्यावरून एक मोजपट्टी तयार झाली. पाहणी शिकण्यासाठी होती. पण मोजपट्टी हाती आल्यावर ती दारात लावायचा मोह कुणालाच आवरला नाही.

"तुझी पापणी एकदाही लवली नाही," कामत मॅडम म्हणाल्या. "एकदाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं."

"मी तालमीत जाते, मॅडम. मर्दानी खेळ. लाठी, ढाल-काठीचा फरी-गदका, दांडपट्टा. सात वर्षांची होते तेव्हापासून."

"मला कळतं. पण यंत्राला तालीम ठाऊक नाही. ज्या मुलांवरून ते बेतलंय, त्यांत पट्टा फिरवणारी पोरगी नव्हती."

"मग सांगा की त्याला."

"कुणाला सांगू? सांगून ऐकणारं नाही, म्हणून तर सगळ्या सरकारांनी ते घेतलंय."

दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी देता येणार होती. तोवर दर आठवड्याला संवादवर्गाला हजर राहायचं होतं.

आईचे वडील दौलू चौगले हे तालमीचे वस्ताद. घरात शिवांजली त्यांना आज्जा म्हणायची आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत वस्ताद. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते मोठ्यांदा हसले.

"पापणी लवली न्हाई म्हणून नापास? अगं, ती लवू नये म्हणून मी तुझ्या डोळ्याम्होरं तीन वर्सं गदका फिरवलाय!"

"हसू नका हो," आई म्हणाली. "पोरीचं सगळं अडकलंय."

वस्ताद गंभीर झाले. जमिनीकडे बघत मिशीवरून हात फिरवत राहिले. "मग लवायला शिकवू," ते म्हणाले. "हातचलाखीच हाय. डोळा मिटायचा, खांदा चढवायचा, श्वास तोडायचा. त्योबी एक डावच."

त्या तालमीचे दोन नियम जुने होते. समोरच्याला सलामी दिल्याशिवाय वार करायचा नाही, हा एक. आणि कुठलाही डाव एकट्याला शिकवायचा नाही, हा दुसरा. एकाला चोरून दिलेला डाव उद्या दुसऱ्याच्या पाठीत निघतो, असं वस्ताद म्हणत. तालमीत सोळाच्या वरची, शिवांजली धरून, नऊ पोरं होती. आज ना उद्या सगळ्यांना ती चाचणी द्यायचीच होती. वस्तादांनी नऊही जणांना रिंगणात उभं केलं आणि हलगीवाल्याला बसवलं.

"ठेका ऐका. चौथ्याला दचकायचं. पापणी, खांदा, श्वास. या क्रमानं. हां!"

नऊ जण दचकले.

"आरं, मनापासून घाबरा! अजिंक्य, तू घाबरलास का शिंकलास?"

"घाबरलो, वस्ताद."

"तसं शेळीबी घाबरत न्हाई. पुन्हा!"

पोरं हसून हसून खाली बसत होती. ज्यांनी आयुष्यभर न घाबरायला शिकवलं, तेच ओरडून घाबरवत होते. पण दौलू वस्तादांचं शिकवणं कच्चं नसे. महिन्याभरात नऊ पापण्या एका ठेक्यावर लवू लागल्या. शिवांजलीला वाटलं, जमलं.

मधल्या काळात संवादवर्ग चालू होता. दुपारी मोबाइलसमोर बसायचं. निरनिराळ्या देशांतली तांबडी मुलं चौकोनांत दिसायची. प्रत्येक जण आपल्या भाषेत बोलायचा आणि इतरांना ते आपापल्या भाषेत, एकाच गुळगुळीत आवाजात ऐकू यायचं. एक सूत्रधार प्रश्न विचारायचा. बोलायला लागायचंच. रागाने बोललं तर नोंद व्हायची, गप्प बसलं तरी नोंद व्हायची.

"तुमच्याकडे टोकाला गेलेल्या माणसाकडे तरुण मुलं कशी बघतात?" सूत्रधाराने एकदा विचारलं.

फिनलंडची आइनो वडिलांबरोबर लहानपणापासून शिकारीला जायची. ती म्हणाली, "माझ्या गावातला एक जण तसल्या लोकांत गेला. सगळ्यांना तो गरीब वाटायचा. हे यंत्र तेव्हा असतं तर कळलं असतं. मी विनाकारण अडकलेय, पण यंत्र नको असं मी म्हणणार नाही."

लेबनॉनची रानिया म्हणाली, "आमच्याकडे तो माणूस कुणाचा तरी भाऊ असतो. आम्ही त्याला वाईट म्हणतो आणि त्याच्या आईला जेवण नेऊन देतो. आणि मी आवाजाला दचकत नाही, कारण आवाज रोजचेच होते. ते आवडत होते असं नाही."

चिलीचा तोमास खाटकाचा मुलगा होता. तो हसून म्हणाला, "माझ्या आजोबांच्या काळी ज्यांना टोकाचे म्हणायचे, त्यांच्या नावाने आज आमच्याकडे रस्ते आहेत. मग मी कुणाला काय म्हणू? आणि कपाळावर तांबडं लावलंच आहे, तर तसंच होऊन दाखवावं, असंही कधी कधी वाटतं."

"तोमास, हे वाक्य नोंदलं गेलं आहे," सूत्रधार म्हणाला. "शिवांजली, तुझ्या देशात?"

शिवांजलीने विचार केला. खोटं बोलावंसं वाटेना. "माझा एक चुलतभाऊ घरच्या ग्रुपवर रोज काहीबाही टाकतो. याला हाणा, त्याला हाकला. आम्ही अंगठा देतो आणि बघतसुद्धा नाही. तो खरंच तसा आहे का, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही."

पुढच्या आठवड्यात तोमासचा चौकोन काळा होता. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलेलंही नोंदलं जाईल, हे आता सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा शिवांजलीला वाटलं, यांनी तोमासला जिथं जाऊ नको म्हटलं, तिथंच नेऊन सोडलं. हेही तिने बोलून दाखवलं नाही.

शिवांजलीची दुसरी आणि बाकीच्या आठ जणांची पहिली चाचणी एकाच आठवड्यात झाली. नऊही तांबडे. शिवांजलीचा तांबडा आधीपेक्षा गडद.

कामत मॅडमनी या वेळी पाणी विचारलं नाही. त्यांनी पडदा फिरवून दाखवला. त्यावर नऊ रेघा एकावर एक ठेवल्या होत्या आणि त्या एकच रेघ वाटत होत्या.

"नऊ माणसं कधीच सारखी दचकत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आवाजाच्या किंचित आधी दचकलात. ठेका धरल्यासारखं. हे काय आहे, शिवांजली?"

 एकाला डाव शिकवला असता तर कदाचित खपून गेलं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

"आधी तू एकटी होतीस. आता यंत्राच्या लेखी ही संघटना आहे. आणि संघटना म्हटली की तिचं केंद्र आलं, म्हणजे ती चालवणारा माणूस. दौलू चौगले तुझे कोण?"

"आजोबा."

कामत मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात सांगितलं. आता दोनच वाटा होत्या. नऊही जण पाच वर्षं तांबडे राहतील, किंवा मग एक शेवटची चाचणी. त्यात त्या माणसाचा फोटो दाखवतात. त्याच्यापुढे तुमच्या अंगात भीती दिसली, तर तुम्ही त्याच्या दडपणाखालची मुलं ठरता आणि पिवळा दाखला मिळतो. पिवळ्यावर जर्मनीला जाता येतं, सरकारी भरतीतही उतरता येतं. जवळीक दिसली, तर तुम्ही त्याचे साथीदार.

"आणि त्यांचं?"

"चाचणी झाली की ते केंद्र ठरतील. तालीम बंद. सव्वीसच्या आतल्या कुणाच्याही जवळ त्यांना राहता येणार नाही. तुझ्यासुद्धा."

"मी तोंडाने काहीही सांगेन, मॅडम. पण पापणीला काय सांगू?"

"तेच तर," कामत मॅडम म्हणाल्या. "शरीर मनाला विचारत नाही."

घरी तिने सगळं सांगितलं. वस्ताद जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

"माझ्यामुळं झालं," ते म्हणाले.

"आज्जा, असं नका म्हणू. आम्ही नऊ जण मिळून ठरवलंय. ती चाचणी द्यायचीच नाही. पाच वर्षं तर पाच वर्षं."

"अजिंक्यची भरती हाय औंदा. पाच वर्सांनी त्याला कोण घेईल? तुला तिकडं कोण थांबतंय?" त्यांनी घास ताटात ठेवला. "चाचणी द्यायची. नऊ जणांनी."

"देऊ. तुमचा फोटो बघून आम्ही काय घाबरणार? हसू येईल."

वस्तादांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "हसूच येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांजली तालमीत वाकून बुटाची नाडी बांधत होती. पाठीवर काठी बसली. तिला वाटलं चुकून लागली. वळली तर वस्ताद उभे होते. सलामी नव्हती, हाक नव्हती. दुसरा वार खांद्यावर आला. ती रिंगणात नव्हती. तिच्या हातात काही नव्हतं.

"वस्ताद?"

ते वळून अजिंक्यकडे गेले. तो पाणी पीत होता.

त्या दिवशी नऊही जणांनी मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. केव्हा बसेल ते कळायचं नाही. बोलताना, हसताना, पाठमोरं असताना. कधी काठी बसायची, कधी कानाशी येऊन थांबायची आणि मग भिंतीवर आदळायची. घरीसुद्धा तेच. ती भाकरी वाढत असताना ते अचानक पितळी थाळी आपटायचे, आणि ती सावरायच्या आत गालफडात बसायची. आई किंचाळली, "बाबा, तुमचं डोकं फिरलं काय?" ते तिच्याकडे बघायचेही नाहीत.

आठवड्याच्या आत चार पोरं यायची बंद झाली. वस्ताद त्यांच्या गल्लीत जाऊन उभे राहू लागले. पोरगा दिसला की काठी आपटायची, एवढंच. अजिंक्यच्या वडिलांनी भर चौकात त्यांची गचांडी धरली.

"थेरड्या, पोराच्या अंगाला हात लावलास तर बघ! देवासारखं मानलं तुला!"

वस्तादांनी गचांडी सोडवून घेतली नाही. ज्यांनी चार-चार जणांचे वार अंगावर येऊ दिले नव्हते, ते गप उभे राहिले. बघणारे म्हणाले, म्हातारपणी माणूस बिघडतो. गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

शिवांजलीला या माराचं कारण कधी कळलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. एके सकाळी मार बसल्यावर तिने वर पाहिलं. काठी धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. घट्ट धरल्याशिवाय तो हात उठत नसावा.

"आज्जा," ती म्हणाली, "मला कळलंय."

काठी तिच्या दंडावर आली. पहिल्या दिवशीपेक्षा जोरात.

"काय कळलंय?" वस्ताद ओरडले. "काय कळलंय तुला? बोल!"

ती बोलली नाही. बोलली असती तर त्यांच्या हातून पुढचा वार झाला नसता, आणि आतापर्यंतचे सगळे वाया गेले असते. ती रडत बाहेर गेली. कळलं असूनही ती त्या दिवशी घरात शिरताना दाराआड कोण आहे ते आधी बघत होती.

शेवटच्या चाचणीला कामत मॅडमनी स्वतः तिच्या डोळ्यांखाली चकत्या चिकटवल्या. शिवांजलीने मनाशी एक ठरवलं होतं. फोटो आला की ती आठवणार होती, गोवर निघाला होता तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसलेले आज्जा, पहिल्यांदा पट्टा हातात देताना तिच्याच पाया पडलेले वस्ताद. यंत्राला फसवायला नव्हे, तर त्या क्षणी तरी आपण त्यांच्याबरोबर असावं म्हणून. मग पापणीने काय करायचं ते करावं.

फोटो आला. तालमीच्या वर्धापनदिनाचा, फेटा बांधलेला, मिशीत हसणारा. तिने गोवर आठवला. मांडी आठवली. कानात आवाज झाला.

तिची पापणी लवली. खांदे वर आले. श्वास तुटला. कुठलाही ठेका न धरता सगळं आपोआप झालं. मांडी आठवतच होती आणि तळहात घामाने भिजत होते.

नऊही जणांना पिवळे दाखले मिळाले. नऊ रेघा नऊ तऱ्हेच्या होत्या.

"सुटलीस तू," कामत मॅडम म्हणाल्या. शिवांजलीने मान हलवली. पिवळं झाल्यावर राग दाखवून चालत नव्हतं.

तालमीला कुलूप लागलं. दौलू चौगल्यांना गाव सोडायचा हुकूम आला. गगनबावड्याच्या बाजूला त्यांच्या बहिणीचं रान होतं, तिथं त्यांनी राहायचं होतं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतलं एक दारही उघडलं नाही. आईने ट्रंक रिक्षात ठेवली. तिला आता सगळं समजलं होतं आणि ती रडून रडून दमली होती.

"पोरी, पाया पड," ती म्हणाली. "परत कधी भेट होईल न होईल."

शिवांजली पुढे झाली. वाकली. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला खूप बोलायचं होतं. ती सरळ होत होती, तेवढ्यात आशीर्वाद द्यायला वस्तादांचा हात वर आला.

तिचं डोकं खांद्यांत गेलं. दोन्ही हात तोंडापुढे आले. ती दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली, तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते.

आईने तोंडाला पदर लावला. वस्तादांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले, तिला दिसणार नाहीत असे.

"बरोबर हाय," ते म्हणाले. पोराने डाव नीट टाकला की म्हणत तसंच. "जा आता. तिकडं नीट ऱ्हा."

ते रिक्षात बसले. शिवांजलीला धावत जाऊन त्यांना मिठी मारायची होती. रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या टोकाला पोचली, वळायला लागली. ती पायाला सांगत होती, चल. मोठ्यांदा सांगत होती, चल की. तिची पाठ भिंतीवरून सुटत नव्हती.